फसलेल्याचा ठोका

लोणावळा
रविवार, १३ जुलै

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात वळला नाही, तेव्हा नुसतंच दादा. पत्र मुद्दाम कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. फोनवर काही कळवलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. कागदावर अंगठा उठवायचा तर शाई लागते, आणि तुझ्या सुश्रुतच्या बंगळुरूच्या त्या चकचकीत घरात शाई कुठून मिळायला!

शाळेचं कालचं शनिवारपत्र तुला ग्रुपवर मिळालंच असेल, कारण त्याखाली तुझ्या टाळ्या दिसल्या. टाळ्या आणि वर 'अभिनंदन!' लिहिलंस, पण पत्र वाचलंस का? पहिलीच बातमी: 'आपल्या विद्यालयाची नववीची विद्यार्थिनी कु. माधवी हिच्या भाताच्या तुसाची राख व वाळू यांच्या फिल्टरला राज्यस्तरीय विज्ञान मेळाव्यात प्रथम क्रमांक. विहिरीचे पाणी शंभर टक्के जंतुमुक्त. मार्गदर्शक: प्राचार्या ऋचा मॅडम.' त्याखाली सगळं 'घवघवीत', 'दैदीप्यमान' आणि 'मानाचा तुरा'. आठवीतल्या श्रीयशने बुद्धिबळात तालुक्यात तिसरा नंबर काढला, तोही तुराच. खेळायला किती जण आले होते ते मी विचारलं, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

आता त्यात 'फसलं'चा रकाना शोध. सापडणार नाही. जूनपासून तो बंद आहे. तुला हे कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते, आणि सांगितलं असूनही तू गप्प बसला असशील तर तुझी धडगत नाही.

विसरला असशील म्हणून आठवण करून देते. कान्हे फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये तू प्रयोगघर सुरू केलंस, मावळातल्या खेड्यापाड्यांतली मुलं राहायला आणायची आणि त्यांना विज्ञान हातांनी करून शिकवायचं म्हणून. पहिल्याच शनिवारी आठवड्याच्या बातम्या वाचायला उभा राहिलास. त्यांचे दोन भाग केलेस, 'जमलं' आणि 'फसलं'. आणि 'फसलं'मध्ये पहिलं नाव स्वतःचं घातलंस, कारण मुलांसमोर लावलेली सायफनची नळी चाललीच नव्हती. काय फसलं, का फसलं, पुढच्या वेळी काय करीन, एवढं सांगितलंस, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिलीस आणि दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडीने एक ठोका दिलास. त्या ठोक्याने शाळा सुटली. तेव्हापासून नियमच पडला. ज्याचं फसलं त्याने उभं राहून सांगायचं, आणि ठोक्याचा मान त्याचा. तो ठोका पडेपर्यंत शनिवारची शाळा सुटायची नाही. पोरं त्या ठोक्यासाठी भांडायची रे! पर्जन्यमापक भिजेल म्हणून तो पडवीत ठेवणारा आणि ऐन जुलैत मावळातला पाऊस शून्य मिलिमीटर लिहिणारा तो कार्टा आठवतो? ठोका देताना त्याची छाती कशी फुगली होती.

आता विजेची घंटा आहे. रूळ अजून लोंबतो आहे, पण त्याला मनीप्लांटची कुंडी अडकवली आहे. ऋचा मॅडम म्हणतात, "पालकांच्या ग्रुपवर नकारात्मक मजकूर नको. दुसऱ्या शाळांचे लोक स्क्रीनशॉट काढून ठेवतात."

एवढ्यावर मी तुला पत्र लिहिलं नसतं. परवा, शुक्रवारी, माधवी माझ्या वर्गाबाहेर उभी राहिली. टाकवे बुद्रुकची ती. आईबाप चाकणला कामाला, आजीपाशी वाढलेली. तिच्या हातात दोन छोट्या बाटल्या होत्या, ग्रामपंचायतीत पाणी तपासायला असतात तसल्या. पाणी घालून दीड-दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात घाण असली की बाटली काळी पडते. तिच्या दोन्ही बाटल्या डांबरासारख्या काळ्या. एक विहिरीच्या पाण्याची होती आणि दुसरी तेच पाणी तिच्या फिल्टरमधून काढून भरलेली.

"मॅडम, माझं फसलंय," म्हणाली. "मला शनिवारी ठोका द्यायचाय."

काय झालं होतं ते तिनेच शोधून काढलं आहे. मे महिन्यात प्रयोग केला तेव्हा तिने रविवारी विहिरीचं पाणी आणून सरळ बाटलीत घातलं. काळं पडलं. मंगळवारी पुन्हा पाणी आणून फिल्टरमधून काढलं आणि पाच बाटल्या भरल्या. पाचही स्वच्छ. झालं, फिल्टर चालला! पण मधल्या सोमवारी ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएलची, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची, पावडर टाकली होती. पाणी विहिरीतच शुद्ध झालं होतं. मंगळवारचं पाणी न गाळता तपासायचं तिला सुचलं नाही, आणि जिचं नाव मार्गदर्शक म्हणून छापलं आहे तिलाही सुचलं नाही. आता आषाढीच्या सुट्टीला घरी गेल्यावर पोरीने सगळं पुन्हा करून पाहिलं, आणि मग तिला आठवलं की त्या मंगळवारी पाण्याला वास होता आणि चहा बिघडला म्हणून आजी करवादली होती.

नववीतली मुलगी, दादा. पहिला नंबर पदरात पडलेला असताना तिने तोच प्रयोग पुन्हा केला. तू शिकवलंस ते याहून वेगळं काय होतं?

आणि शाळेने काय केलं? काल तिला उभंच राहू दिलं नाही. वर तोच फिल्टर २४ तारखेला टाकव्याच्या अंगणवाडीत बसवणार आहेत, पाहुणे बोलावून. सध्या अंगणवाडीच्या ताई मुलांना पाणी उकळून देतात. शंभर टक्के जंतुमुक्त अशी पाटी लागली की त्या कशाला गॅस जाळतील? भर पावसात ती पिल्लं विहिरीचं पाणी पितील, आणि वर आपल्या शाळेचं नाव असेल.

संस्थेचा अध्यक्ष अजून तूच आहेस. ऋचा मॅडमना एक फोन कर. एवढंच मागते आहे. तू कुणाला न विचारता शाळा विश्वस्तांच्या हाती दिलीस आणि बाडबिस्तरा आवरून निघून गेलास, त्याबद्दल मी आज काही बोलत नाही.

तुझ्या खोलीतल्या पुस्तकांना बुरशी धरली आहे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात धरायचीच. मी पुसून ठेवते, पण मला त्याची हौस आहे असं समजू नकोस.

रजनी


लोणावळा
गुरुवार, १७ जुलै

दादा,

पत्र मिळाल्याचा सूनबाईंचा निरोप आला. तुझा नाही. असो.

काल ऋचा मॅडमच्या केबिनमध्ये गेले होते. केबिन म्हणजे आपली जुनी भांड्यांची खोली. आता तिथे काच आहे, एसी आहे, आणि 'यशाला पर्याय नाही' अशी पाटी आहे. बाहेर एवढा गारठा आणि आत एसी! मी पदर लपेटून बसले.

"रजनी मॅडम, निकाल मेळाव्याच्या परीक्षकांनी दिलाय. तो बदलणारे आपण कोण?" त्या म्हणाल्या.

"निकाल बदलू नका हो. मुलगी म्हणते आहे तेवढं ऐका. तिच्या बाटल्या बघा."

"बघितल्या. पावसाळ्यात रीडिंग थोडं इकडेतिकडे होतंच."

"काळं आणि पांढरं इकडेतिकडे होत नाही, मॅडम."

मग त्या हसल्या. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. मी शिकवायला लागले तेव्हा या बाई पाटीवर श्री गिरवत असतील. म्हणाल्या, "समारंभ होऊन जाऊ दे. नंतर पुन्हा टेस्टिंग करू. पुढच्या महिन्यात आपली प्रवेश परीक्षेची जाहिरात जायची आहे, आणि तिच्यावर माधवीचाच फोटो आहे. मुलीच्या भविष्याचाही विचार करा."

म्हणजे बघ, मुलीचं तोंड बंद करायचं तेही मुलीच्याच भल्यासाठी. सांगून सवरून गळा दाबायचा आणि वर पाठीवरून हात फिरवायचा! मी म्हणाले, "अंगणवाडीतल्या मुलांच्या भविष्याचं काय?" तर त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या.

त्यात भर म्हणजे येत्या शनिवारपत्रासाठी माधवीची मुलाखत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. विषय: 'माझ्या यशाचे रहस्य'. मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "बाई, काय लिहू?" ती म्हणाली, "टीसीएल लिहा मॅडम." दोघी हसलो. मग ती म्हणाली, "सगळे माझं अभिनंदन करतात ना, तेव्हा मला जेवण जात नाही." तिच्या गालांची हाडं दिसायला लागली आहेत, मी खोटं सांगत नाही. मेसमध्ये तिच्या नावाने गुलाबजाम झाले तेव्हा ही आपली वाटी शेजारणीला देऊन उठली.

मुलाखत मी लिहिली नाही. शनिवारपत्र इतकी वर्षं मीच लिहीत आले, पण हे माझ्या हातून व्हायचं नाही. दुसरं कुणी लिहील. घवघवीत लिहिणाऱ्यांना तोटा नाही.

तुझा फोन अजून गेलेला नाही, असं ऋचा मॅडमच्या चेहऱ्यावरून वाटलं. कर लवकर. 'करतो, बघतो' नको. तुझं 'बघतो' मला लहानपणापासून माहीत आहे.

रजनी


लोणावळा
रविवार, २० जुलै

चिंतामणराव,

आज दादा म्हणवत नाही.

तू फोन केलास. शुक्रवारी केलास. मला हे तुझ्याकडून कळलं नाही, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत कळलं. ऋचा मॅडम चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "सरांशी माझं सविस्तर बोलणं झालं. सर म्हणाले, समारंभ होऊ द्या, ठरलेलं मोडू नका, पुढचं नंतर पाहू. आणि म्हणाले, रजनी थोडी हळवी आहे, मनावर घेऊ नका."

हळवी!

मी गणित शिकवते. माझ्या हातून नापास झालेल्या मुलांना विचार मी किती हळवी आहे ते. वहिनी गेल्या तेव्हा घर कुणी सांभाळलं? तू खोलीचं दार लावून बसला होतास आणि मी शाळेत वर्गही घेत होते आणि तुझं ताटही वाढत होते. तेव्हा मी हळवी नव्हते. आता एक मुलगी खरं बोलू द्या म्हणते आणि मी तिच्या बाजूने उभी राहते, तर मी हळवी.

मी तुला फोन करायला सांगितला तो आग विझवायला. तू तूप घेऊन गेलास.

आणि काल शनिवारपत्रावर तुझा फोटो. तो जुना, लेंग्यातला, हातोडी हातात धरलेला. हातोडी दिसते, रूळ कापून टाकला आहे. खाली तुझा संदेश: 'प्रयोगघरच्या यशस्वी वाटचालीस शुभेच्छा.' ज्या माणसाने पहिल्या दिवशी मुलांसमोर 'माझं फसलं' म्हटलं, त्याचा हा संदेश! मी तो फोटो फळ्यावर पाहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं. तू त्याला हळवेपणा म्हणशील तर म्हण.

तुला भीती कशाची वाटली ते तरी सांग. आपण काढलेली शाळा चार लोकांत हसण्यावारी जाईल, याची? पर्जन्यमापक पडवीत ठेवला तेव्हा आपण सगळे पोट धरून हसलो होतो की. शाळा बुडाली का?

आज रविवार, आजीच्या भेटीचा दिवस. माधवीची आजी बयाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन आली होती. मी दोघींच्या मध्ये पडले नाही. लांबून एवढं दिसलं की माधवीने आजीच्या पिशवीत काहीतरी ठेवलं आणि आजी मान डोलवत राहिली. काय ते मला माहीत नाही, आणि असतं तरी तुला कळवलं नसतं. तुला कळवलं की ते कुठे पोहोचतं, ते मला समजलं आहे.

पुस्तकं पुसलेली नाहीत. बुरशी खाऊ दे त्यांना.

र.


लोणावळा
शुक्रवार, २५ जुलै

दादा,

सोमवारी तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. राग गेलेला नाही. पण काल जे झालं ते तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते.

टाकव्याला सकाळपासून धो धो. अंगणवाडीसमोर मांडव घातला होता, तो गळत होता. गावातली माणसं, आपली नववी-दहावी, पाहुणे, हार, सगळं होतं. फिल्टर मंगळवारीच बसवला होता. निळं पिंप, वर आपल्या शाळेचं नाव, खाली 'शंभर टक्के जंतुमुक्त'. फीत कापली. मग फोटोसाठी पाहुण्यांना फिल्टरच्या पाण्याचे ग्लास दिले. अंगणवाडीची चिल्लीपिल्लीही हातात छोटे पेले देऊन पुढे उभी केली होती. फोटोवाला म्हणाला, "सगळ्यांनी एकदम प्यायचं हं."

आणि माधवी रांगेतून पुढे आली. शाळेत इतकं शुद्ध बोलणारी पोर, पण घाबरली की घरचीच भाषा तोंडात येते.

"साहेब, ते पानी पिऊ नका," म्हणाली. "पोरांस्नी बी देऊ नका."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. तिने मागे वळून पाहिलं. बयाबाई गर्दीतून आली आणि पदराखालून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, हारांच्या मध्येच. दोन्ही काळ्याकुट्ट. फिल्टर बसला त्याच दिवशी म्हातारीने त्यातलं पाणी काढून बाटल्या भरल्या होत्या आणि चुलीच्या उबेला ठेवल्या होत्या. रविवारी पिशवीत गेल्या होत्या त्या याच, तेव्हा रिकाम्या.

माधवीने सगळं सांगितलं. रविवार, मंगळवार, मधली पावडर. एक शब्द चुकला नाही. शेवटी म्हणाली, "फिल्टर माझा हाय. चूक बी माझीच हाय."

ऋचा मॅडम हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाल्या. "सॉरी सर, मुलीला कालपासून ताप आहे."

बयाबाईने सगळ्यांदेखत नातीच्या कपाळाला हात लावला. "ताप न्हाई तिला," म्हणाली. "म्या आत्ताच हात लावून पाह्यला. ताप तुमास्नी आला आसंल, बाई."

लोक हसले. पाहुण्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला आणि गाडीतली बिसलेरी मागवली. अंगणवाडीच्या ताईंनी पोरांच्या हातातले पेले काढून घेतले आणि आत जाऊन गॅसवर पातेलं चढवलं. तेवढं पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण तिथेच थांबतील तर त्या ऋचा मॅडम कसल्या! संध्याकाळी ग्रुपवर बातमी: 'टाकवे बुद्रुक येथे फिल्टरचे उद्घाटन उत्साहात संपन्न.' फोटोत सगळ्यांच्या हातात ग्लास. ग्लासात बिसलेरी! आणि माधवीला टाकव्यातूनच परस्पर घरी पाठवलं, 'विश्रांतीसाठी'. तिने माफी लिहून दिली तरच पुढच्या शनिवारी विश्वस्तांच्या बैठकीत तिला परत घेण्याचा विचार होईल, असा निरोप गेला आहे. माफी कशाची? पाणी काळं पडलं त्याची?

मी आज सकाळी तिच्या घरी जाऊन आले. पोर ओसरीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न काय? "मॅडम, माझा घटक चाचणीचा पेपर बुडंल का?" बयाबाई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "पोरीनं खरं सांगितलं तर घरी धाडत्यात व्हय? मग साळा कशापायी काढली?"

शाळा तू काढलीस. उत्तर तूच दे.

रजनी


लोणावळा
रविवार, २७ जुलै

दादा,

काल तुझा फोन वाजत होता तेव्हा मी प्रार्थनेच्या मैदानात होते. परत केला नाही, तो मुद्दाम.

शनिवारपत्र वाचायला मला सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांचा घसा बसला होता, आणि तो कसा बसला ते मी विचारलं नाही. मला बघून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. तुझ्यामाझ्या हाताखाली तयार झालेली माणसं अजून शाळेत आहेत, एवढं समज.

'जमलं' सगळं वाचलं. घवघवीतसकट वाचलं, एक शब्द गाळला नाही. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आता फसलं." मोठ्या मुलांनी एकदम माना वर केल्या. जूनमध्ये आलेली आठवीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, त्यांना हे ठाऊकच नाही.

मी म्हणाले, "या आठवड्यात फसलं ते आपले संस्थापक चिंतामण सर यांचं. काय फसलं: चूक झाली तर उभं राहून सांगायची, हा नियम त्यांनी घालून दिला, आणि तो मोडला जात होता तेव्हा त्यांनी मोडू दिला. का फसलं आणि पुढच्या वेळी काय करीन, ते त्यांनीच सांगायचं आहे. ते आज इथे नाहीत."

हो, असंच म्हणाले. सगळ्या शाळेसमोर. तुझा फोटो मागे फळ्यावर होता.

ऋचा मॅडमनी घाईघाईने विजेची घंटा दिली. सूर वाजला. आणि दादा, एक पोर हललं नाही. मोठी हलली नाहीत म्हणून लहानही हलली नाहीत. पाऊस थोडा उघडला होता, सगळी नुसती उभी. मॅडमनी पुन्हा घंटा दिली. दहावीतल्या अनुष्काने हात वर केला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, ठोका पडला नाही अजून."

मला तोवर काही सुचलेलं नव्हतं. तू येणार नव्हतास, ठोका कोण देणार, हा विचार मी केलाच नव्हता. गणिताची बाई, आणि पुढची पायरी न बघता गणित मांडून बसले.

तेवढ्यात फाटकाशी बयाबाई दिसली. माधवीची पेटी न्यायला दोघी आल्या होत्या. घेऊन जा, असा निरोप गेला होता म्हणे, माफी लिहून येईना म्हणून. म्हातारीच्या डोक्यावर घोंगडी होती आणि माधवी मागे, गणवेशात. पेटी न्यायला आलेली पोर गणवेश घालून आली होती, दादा.

तिने उभी शाळा बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ चालत पुढे आली. कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलं नाही. रांगेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझंही फसलंय." या वेळी घरची भाषा तोंडात आली नाही.

काय फसलं ते सांगितलं. का फसलं ते सांगितलं. पुढच्या वेळी काय करीन म्हणाली: एकाच दिवशीचं, एकाच विहिरीचं पाणी, गाळलेलं आणि न गाळलेलं शेजारी शेजारी तपासीन, आणि आधी ग्रामपंचायतीत जाऊन पावडर कधी टाकली ते विचारीन. मग प्रश्न. श्रीयशने विचारलं, "ताई, पाचही बाटल्या तू एकाच पिंपातून का भरल्यास?" ती म्हणाली, "डोकं चाललं नाही." सगळे हसले, ती पण हसली. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिली तिला. दुसऱ्याने विचारलं, राख जाड थरात घातली तर? तिसऱ्याने विचारलं, वाळू आधी उन्हात तापवली तर? पाऊस पुन्हा सुरू झाला तरी प्रश्न संपेनात. असा शनिवार मी तू गेल्यापासून पाहिला नव्हता.

ऋचा मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही आज. त्यांच्याकडे एका पोराने प्रश्न टाकला, "मॅडम, तुम्ही मार्गदर्शक होतात ना, तुम्हाला पावडरचं माहीत होतं का?" त्या म्हणाल्या, "नाही." बस, एकच शब्द. पण तो शब्द तुझ्या संदेशापेक्षा मोठा होता.

मग माधवीने रुळावरची कुंडी काढून बयाबाईच्या हातात दिली. हातोडी माझ्या कपाटात होती, मी आणून दिली. तिने एक ठोका दिला. तो आवाज पार रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला असेल. मुलं ओरडत सुटली. पेटी तिथेच राहिली आणि माधवी हॉस्टेलच्या मुलींबरोबर जेवायला गेली, दोनदा भात घेतला असं मेसच्या मावशींनी सांगितलं.

हे सगळं गोड वाटेल, पण तसं समजू नकोस. रात्रीच विश्वस्तांचं पत्र आलं. येत्या शनिवारच्या बैठकीत दोन विषय आहेत: माधवीला शाळेत ठेवायचं की नाही, आणि मला. माझं राहू दे, माझी दोनच वर्षं उरलीत, मी घरी बसून तुझी पुस्तकं पुसत बसेन. तिचं काय? तिला काढलं तर पुन्हा या शाळेत कोणीही, कधीही, 'माझं फसलं' म्हणायला उभं राहणार नाही. मग तिथे तू कितीही फोटो लाव.

अध्यक्षाशिवाय ती बैठक भरत नाही. फोनवर भरवतील, त्यांना ते येतं. तू फोनवर भरू देऊ नकोस. बंगळुरूहून शुक्रवारी दुपारीच गाडीत बस, सुश्रुतला सांग बहिणीने बोलावलं आहे. शनिवारी सकाळी पुण्याला उतरशील, तिथून लोणावळ्याची गाडी धर आणि कान्ह्याला उतर. बैठक दुपारी आहे. प्रार्थना सकाळी असते. आधी प्रार्थनेला ये.

तू पहिल्या दिवशी रुळावर ठोका दिलास तेव्हा मी शेजारी उभी होते. तुझ्याइतका मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. म्हणून इतकी चिडते रे. दुसऱ्या कुणावर चिडायला मला वेळ नाही.

तुझी खोली आज झाडली. पुस्तकं पुसली, गादीला ऊन मिळालं नाही पण इस्त्री फिरवून कोरडी केली.

काल मुलं सुटून गेल्यावर ती अनुष्का परत आली आणि मला विचारलं, "मॅडम, माधवीने ठोका दिला तो तिचा. सरांचा राहिला ना?"

मी म्हणाले, राहिलाय. शनिवारी देतील.

रजी